बाळाची टाळू आणि जामखेडचा तराजू

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत एक काम न चुकता होते. बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी घरातील आजी कोमट तेल घेऊन त्याच्या टाळूवर जिरवते आणि म्हणते, "टाळू भरली पाहिजे हो!" टाळू काही तेलाने भरत नाही, ती हाड वाढून भरते. पण आजीचे लक्ष बरोबर ठिकाणी असते. कवटीची हाडे जन्मतः सांधलेली का नसतात? तर आत मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला जागा हवी असते. माथ्यावरची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, आणि त्या मुदतीत मेंदूने आपले निम्म्याहून अधिक काम उरकलेले असते.

आकडेच पाहा. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 34 ते 35 सेंटिमीटर असतो, पहिल्या वाढदिवसाला तो 46 च्या आसपास जातो. मेंदूचे वजन जन्मतः मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव हिश्शाएवढे, दोन वर्षांचे मूल होते तोवर पाऊण हिश्शाच्या घरात, आणि सहाव्या वर्षी जवळजवळ नऊ दशांश. बाकीचे शरीर मात्र सावकाश चालते. सहा वर्षांच्या मुलाचे वजन मोठ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच भरते. म्हणजे निसर्गाने आधी डोके घडवायला घेतले आहे, हातपाय मागून.

ही गोष्ट माणसाने मोजून पाहिली ती तशी अलीकडेच. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका उमरावाने 1759 ते 1777 अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची नियमाने मोजली, आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती टिपणे छापली. एकाच मुलाच्या वाढीची ती पहिली सलग नोंद मानतात. पहिल्या वर्षातली भरधाव वाढ, मग मंद चाल आणि पौगंडावस्थेत पुन्हा एक उसळी, हे सारे तीत दिसते. पुढे 1930 मध्ये अमेरिकेतील स्कॅमन यांनी आलेख काढून दाखवले, की शरीराचे सगळे भाग एका वेगाने वाढत नाहीत. मेंदू सर्वांच्या पुढे, प्रजननाची इंद्रिये सर्वांत मागे.

आता कोणी म्हणेल, या उमरावाच्या मुलाशी आपल्या नगर जिल्ह्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. 2024 मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या या जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड तालुका आहे. पाऊस कमी आणि पीक ज्वारीचे. वेल्लोरला वैद्यकी शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये येथे आले. त्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की त्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाच वर्षांखालील शंभर मुलांत सुमारे चाळीस कुपोषित होती.

पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडणारे हात, रेशनचा तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी पाहिली, त्यांना त्याचे वर्णन नको. लोकांनी डॉक्टरांपुढे औषधाआधी अन्न आणि पाणी मागितले. तेव्हा गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, विंधन विहिरी खोदल्या गेल्या. यात मोठे शहाणपण होते. गढूळ पाण्याने हगवण लागलेल्या मुलाला कितीही खाऊ घाला, ते अंगी लागत नाही. मुलाची वाढ ताटातल्या अन्नावर जितकी, तितकीच हंड्यातल्या पाण्यावर अवलंबून असते.

पण रोज मुलांकडे पाहणार कोण? शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. अखेर गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन सांगत. त्यांना दोन गोष्टी करायच्या होत्या. एक म्हणजे जुने समज मोडणे. गरोदर बाईने पोटभर जेवू नये, पहिले दूध पिळून टाकावे, उष्टावण लांबवावी, असे घरोघर चाले. गंमत पाहा, वासराला चीक पाजलाच पाहिजे हे ज्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक, त्याच्याच घरात आईचा चीक मातीत जाई!

दुसरी गोष्ट म्हणजे मूल तोलणे. डॉ. डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरांनी पश्चिम आफ्रिकेत नायजेरियातील एका खेड्यात काम करताना वाढीचा तक्ता तयार केला होता. महिन्याच्या महिन्याला वजनाचा ठिपका मांडायचा आणि ठिपके जोडायचे. रेघ वर चढली तर मूल ठीक, आडवी पडली तर सावध व्हा, खाली वळली तर धावा. हे समजायला अक्षरओळख लागत नाही. तराजूही नसेल तर दंडाचा घेर मोजावा, कारण एक ते पाच वर्षे या काळात तो फारसा बदलत नाही. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल कमी पडते आहे असे समजावे, असे बगदादचे डॉ. शाकीर व मोर्ले यांनी 1974 मध्ये मांडले. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. सगळीच मुले खुरटलेली असली म्हणजे खुरटलेले मूल आईला नेहमीसारखेच दिसते. मोजमापाचे खरे काम हेच, की जे डोळ्यांना सवयीचे झाले आहे ते पुन्हा दिसू लागावे.

त्या बायकांनी करून दाखवले ते असे: 1976 पर्यंत अर्भकमृत्यू हजारी 176 वरून 52 वर आले, आणि 1986 च्या सुमारास कुपोषित मुले शेकडा पाचांवर. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि पुढे वजनकाटा व तक्ता गावोगावच्या अंगणवाडीत पोचला.

हे सारे लवकरच का करावे लागते, ते शेतकऱ्याला अधिक सांगायला नको. ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला तर मागाहून कितीही पाऊस पडो, कणीस भरत नाही. ग्वातेमालातील चार गावांत 1969 ते 1977 या काळात मुलांना पूरक पेय दिले गेले. दोन गावांत ते मक्याच्या पिठाचे, प्रथिनयुक्त, आपल्या सुकडीची आठवण व्हावी असे होते. ज्यांना ते अगदी लहानपणी मिळाले, ती मुले मोठेपणी वाचन-आकलनात दुसऱ्या गावांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली. उशिरा आलेला घास वाया जातो असे नव्हे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या घासाची बरोबरी त्याला साधत नाही. आणि नुसता घासही पुरत नाही. बोलणारे, खेळवणारे, गाणे म्हणणारे माणूस जवळ असेल तर मेंदूतील जोडण्या वापरात येऊन पक्क्या होतात, न वापरलेल्या गळून जातात.

वाढीची दुसरी संधी येते ती दहाव्या-बाराव्या वर्षी. मुली आधी उंच होतात, मुलगे साधारण दोन वर्षांनी. मेंदूचे वजन तेव्हा फारसे वाढत नाही, पण आतली मांडणी नव्याने होते. मागचापुढचा विचार करणारा, कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्व होतो. मुलीला न्हाण आले म्हणजे ती बाई झाली, हा समज म्हणूनच घातक. तिची उंची व कटीची हाडे त्यानंतरही वाढत असतात. कायद्याने 1978 मध्ये मुलीच्या लग्नाचे वय अठरा केले, त्याला शरीरशास्त्राचाही असा आधार आहे. अर्धवट वाढलेल्या आईचे मूल कमी वजनाचे जन्मते, आणि ज्या गोष्टीशी जामखेडच्या बायका झुंजल्या ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हे काम संपलेले नाही. याच जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि याच जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरसाल कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. कोपीत राहणाऱ्या तान्ह्याचा तक्ता गावच्या अंगणवाडीत पडून राहतो. चार-पाच महिने ठिपका मांडला जात नाही, आणि मोठी बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. म्हणजे एकाच घरात वाढीच्या दोन्ही संधी एकाच हंगामात हुकतात. ऊस थोडा थांबू शकतो, कारखाना थांबू शकतो, वाढते मूल थांबत नाही. म्हणून टोळी जिथे उतरेल तिथे तराजूही पोचला पाहिजे.