न झालेलं वादळ

6 जून 1882. मुंबईवर चक्रीवादळ आदळलं आणि एक लाख माणसं मेली. जगातल्या सर्वांत भीषण वादळांच्या याद्यांमध्ये ही ओळ वर्षानुवर्षं येतेय. अडचण एकच: असं वादळ झालंच नाही.

साधा हिशेब करू. 1881च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती. एक लाख मेले असते, तर दर आठांतला जवळपास एक माणूस गेला असता. तेव्हा शहरात इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं होती, कुलाब्याला वेधशाळा होती, भारतीय हवामान खातं सुरू होऊन सात वर्षं झाली होती. एवढा संहार सगळ्यांच्याच नजरेतून सुटेल कसा? ॲडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या चक्रीवादळांवर 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हे वादळ झालं नसल्याचा निर्वाळा दिला.

पुढच्याच वर्षी 'निसर्ग' आलं आणि टीव्हीवर नवा आकडा झळकला: '129 वर्षांत पहिलंच वादळ'. माझं रोजचं काम डेटाशी. असा आकडा दिसला की मी आधी विचारतो, नोंदी कधीपासूनच्या आहेत? हवामान खात्याचा चक्रीवादळांचा ॲटलास 1891पासून सुरू होतो. 2020मधून 1891 वजा करा. मूळ मुद्दा होता, नोंदी सुरू झाल्यापासून जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं वादळ धडकलं नव्हतं. बातमी फिरता फिरता त्यातला 'जून' गळला, 'नोंदी' गळल्या, उरले 129. नोव्हेंबर 2009मध्ये याच किनाऱ्यावर आलेलं 'फयान'ही त्यात पुसलं गेलं.

3 जूनला 'निसर्ग' रायगडमध्ये श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं. मुंबईला मोठा तडाखा बसला नाही. 'मुंबई वाचली' म्हणत चॅनेलं दुसऱ्या विषयाकडे वळली. तिकडे श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगडमध्ये घरांचे पत्रे उडाले होते, विजेचे खांब पडले होते, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नवी पोफळ लावली, तरी सुपारी हातात यायला कित्येक वर्षं जातात.

1882च्या खोट्या ओळीला इतकं आयुष्य मिळालं, कारण पुढच्या प्रत्येकाने ती मागच्यावरून उतरवून घेतली. उद्या कुणी 2020च्या हेडलाइनांवरून इतिहास लिहिला, तर त्यात 129चा आकडा असेल, वाचलेली मुंबई असेल. श्रीवर्धनच्या वाड्या शोधायला मात्र त्याला पंचनाम्यांचे कागद उघडावे लागतील.