मसुदा आणि कायदा यांच्यामधला काळ

कायदा झाला म्हणजे तो सर्वांस कळतो. आणि न कळला तरी त्यांतील शिक्षेचें कलम तो कळवितेंच. परंतु तोच कायदा अद्यापि मसुद्याच्या स्वरूपांत असतांना कोणाच्या टेबलावर पडला आहे, त्यांतील कोणतें कलम रातोरात बदललें, आणि तो कोणत्या दिवशीं मतास पडणार आहे, हें ज्यांच्या पोटावर तो येणार असतो त्यांनाहि बहुधा माहीत नसतें. लोकशाहीच्या इतिहासांत निवडणुकांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. मसुदा आणि कायदा यांच्यामधल्या या थोड्याशा काळाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानांत सरकारी नोकरांविषयीं जे कायदे झाले, त्यांच्या हकीकतींत हा इतिहास फार स्पष्टपणें वाचावयास मिळतो.

विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा प्रांत. मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीरावर तो पसरलेला आहे. त्याची राजधानी मॅडिसन ही दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली असून, एकाच रस्त्याच्या एका टोकास कायदेमंडळाचें भवन आणि दुसऱ्या टोकास विश्वविद्यालय, अशी तिची रचना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं या रस्त्यावरून पंडितांची आणि कायदे करणारांची जी ये-जा सुरू झाली, तिनें संस्थानाच्या कारभाराचें रूप पालटलें.

तत्पूर्वीं अमेरिकेंत सरकारी नोकरी ही विजयी पक्षाची लूट समजली जात असे. पक्ष निवडून आला कीं जुने कारकून आणि तपासनीस घरीं जावयाचे व त्यांच्या जागीं पक्षाचे कार्यकर्ते यावयाचे. १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर नोकरी न मिळाल्यामुळें चिडलेल्या एका इसमानें गोळी झाडली आणि त्या जखमेनें ते मरण पावले. तेव्हां कोठें देशाचे डोळे उघडले. १८८३ सालीं मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांसाठीं परीक्षेचा कायदा झाला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कनें आणि १८८४ सालीं मॅसॅच्युसेट्सनें तसेच कायदे केले. नंतर सुमारें वीस वर्षें बाकीचीं संस्थानें स्वस्थ बसलीं.

१९०१ सालीं विस्कॉन्सिनच्या कायदेमंडळानें आपल्या सभासदांसाठीं एक लहानसें ग्रंथालय काढलें आणि त्यावर चार्ल्स मॅकार्थी या तरुणाची नेमणूक केली. कष्टकरी आयरिश कुटुंबांत जन्मलेला, फुटबॉलचा नामांकित खेळाडू आणि त्याच वर्षीं विश्वविद्यालयाची डॉक्टरची पदवी मिळविलेला असा हा गृहस्थ होता. कायदेमंडळांत येणारे सभासद शेतकरी, दुकानदार आणि खेड्यापाड्यांतील वकील असावयाचे. बिलाचा मसुदा कसा लिहावा, दुसऱ्या संस्थानांत त्याच विषयावर काय झालें, तो कायदा तेथील कोर्टांत टिकला कीं नाहीं, हें शोधण्यास त्यांना ना वेळ होता ना साधन. उलट आगगाडीच्या कंपन्यांपाशीं पगारी कायदेपंडित तयार असत. सभासद अज्ञानांत असला म्हणजे ज्याच्यापाशीं माहिती आहे त्याच्याच हातीं कायदा जातो, हें मॅकार्थीनें ओळखलें. त्यानें इतर संस्थानांचे कायदे, अहवाल आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें जमवून विषयवार लावलीं आणि मागेल त्या सभासदाला तीं उपलब्ध करून दिलीं. मसुदे लिहून देण्याचें कामहि पुढें तेथेंच होऊं लागलें. परंतु त्यास एक कडक नियम होता: सभासदाची लेखी सूचना असल्याशिवाय मसुदा लिहावयाचा नाहीं, आणि त्यांत काय असावें याविषयीं ग्रंथालयानें आपलें मत द्यावयाचें नाहीं.

या निःपक्षपाती कारभाराचेंहि कांहींना वैषम्य वाटलें. बिलांचा कारखाना म्हणून त्याची हेटाळणी झाली. इमॅन्युएल फिलिप यांनीं तो बंद करण्याची घोषणा करून गव्हर्नरपदाची निवडणूक लढविली आणि जिंकलीहि. पण १९१५ सालीं अधिकारावर आल्यावर त्यांना त्याचा उपयोग पटला आणि ग्रंथालय राहिलें. पुढें अनेक संस्थानांनीं आणि खुद्द वॉशिंग्टनच्या काँग्रेसनेंहि त्याचें अनुकरण केलें.

याच वातावरणांत १९०५ चा सिव्हिल सर्व्हिसचा कायदा जन्मास आला. गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनीं त्याचा मसुदा करण्याचें काम विश्वविद्यालयांतील अर्थशास्त्राचे अध्यापक जॉन कॉमन्स यांजवर सोंपविलें आणि त्यांना मॅकार्थीचें साहाय्य मिळालें. संस्थानाच्या नोकऱ्या परीक्षेनें भरल्या जाऊं लागल्या. नोकर पक्षाचा राहिला नाहीं. तो लोकांचा झाला. निदान कायद्याच्या शब्दांत तरी झाला.

पण जें एका कायद्यानें दिलें तें दुसरा कायदा काढून घेऊं शकतो. हा धडा मॅडिसनच्या कारकुनांना १९३२ सालीं मिळाला. मंदीचे दिवस होते. १८९५ पासून ज्या डेमोक्रॅटिक पक्षाचा एकहि गव्हर्नर झाला नव्हता तो त्या वर्षीं निवडून आला, आणि इतक्या वर्षांच्या उपाशी कार्यकर्त्यांची दृष्टि सरकारी जागांकडे वळली. सिव्हिल सर्व्हिसचा कायदा मोडला जाणार अशी कुणकुण लागतांच संस्थानाच्या कांहीं नोकरांनीं एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला. आर्नल्ड झँडर हे त्यांतील प्रमुख कार्यकर्ते. नोकरभरतीच्या परीक्षा घेणें हेंच त्यांचें सरकारी काम होतें. १९३३ सालीं कायदा मोडण्याचें बिल खरोखरच कायदेमंडळांत आलें. संघानें तें डोळ्यांत तेल घालून पाहिलें, सभासदांच्या भेटी घेतल्या, लोकमत जागें केलें. आणि बिल पडलें. याच लहानशा संघांतून संस्थानांच्या, जिल्ह्यांच्या व नगरपालिकांच्या नोकरांचा अखिल अमेरिकन संघ निघाला. १९३६ सालीं त्याला स्वतंत्र सनद मिळाली आणि पुढें त्याची सभासदसंख्या दहा लाखांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या संस्थेचा जन्म पगारवाढीच्या मागणींतून झाला नाहीं. कायदेमंडळांत आलेल्या एका बिलावर पहारा ठेवण्यांतून तो झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतरचा टप्पा १९५९ सालचा. गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सन यांनीं त्या वर्षीं ज्या कायद्यावर सही केली त्यानें नगरपालिकांच्या व इतर स्थानिक संस्थांच्या नोकरांना संघामार्फत सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क मिळाला. अशा प्रकारचा हा अमेरिकेंतील पहिलाच कायदा होय. संप करण्याची मुभा मात्र नव्हती. १९७४ सालीं हॉर्टनव्हिल या लहानशा गांवीं शिक्षकांनीं संप केला, तेव्हां शाळामंडळानें ऐंशींहून अधिक शिक्षकांना एकदम कामावरून दूर केलें, आणि १९७६ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि मंडळाचीच बाजू उचलून धरली. त्या कटुतेचा परिणाम म्हणून पुढील वर्षीं मध्यस्थी आणि लवाद यांचा कायदा झाला. ही व्यवस्था तीस वर्षांहून अधिक काळ चालली.

२०११ च्या जानेवारींत रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर गव्हर्नर झाले. कायदेमंडळाच्या दोन्ही सभांत त्यांच्या पक्षाचें बहुमत होतें. ११ फेब्रुवारी रोजीं त्यांनीं अंदाजपत्रक दुरुस्तीचें एक बिल जाहीर केलें. खजिन्यांतील तूट भरून काढणें हें त्याचें उद्दिष्ट सांगितलें गेलें. पेन्शनच्या वर्गणीचा निम्मा भाग नोकरांनीं सोसावा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्याचा शेंकडा १२.६ भाग भरावा, हीं कलमें त्यांत होतींच. परंतु खरा स्फोट दुसऱ्या कलमांनीं झाला. यापुढें वाटाघाट मूळ वेतनापुरतीच, आणि तीहि महागाईच्या निर्देशांकाच्या मर्यादेंत. पगारांतून संघाची वर्गणी कापून घेणें बंद. आणि प्रत्येक संघानें दरवर्षीं मतदान घेऊन आपलें अस्तित्व पुन्हा सिद्ध करावयाचें! पोलीस आणि आगीचे बंब चालविणारे नोकर यांना मात्र यांतून वगळलें होतें. बिलाचे कैवारी म्हणत कीं, स्थानिक संस्थांना काटकसरीस मोकळीक मिळाल्याशिवाय कर देणाराचा भार हलका होणार नाहीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं, पैशाचा बोजा आम्ही उचलूं. पण तुटीच्या निमित्तानें पन्नास वर्षांचा हक्क कां जावा?

अर्थसमितीपुढें लोकांच्या साक्षी तासन् तास, उत्तररात्रीपर्यंत चालल्या. शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी व कारकून यांनीं भवनाचा संगमरवरी घुमट दणाणून सोडला, आणि तेथेंच रात्रीमागून रात्री मुक्काम केला. सेनेटमध्यें ३३ सभासद. त्यांत १९ रिपब्लिकन व १४ डेमोक्रॅट. खर्चाच्या बिलास २० सभासदांची उपस्थिति अवश्य होती. १७ फेब्रुवारीस ते चौदाहि डेमोक्रॅट सीमा ओलांडून इलिनॉय संस्थानांत निघून गेले. एका सभासदाच्या उणिवेमुळें बिल तीन आठवडे अडून राहिलें. त्यांनीं कर्तव्य टाकलें असें एक पक्ष म्हणे. लोकांना बिल वाचण्यास अवधि मिळवून दिला असें दुसरा म्हणे.

९ मार्चच्या सायंकाळीं तो अवधि संपला. खर्चाचीं कलमें बिलांतून बाजूस काढलीं म्हणजे वीसांची अटहि उरत नाहीं, अशी युक्ति निघाली. दोन तासांहूनहि कमी अवधीची सूचना देऊन दोन्ही सभांची संयुक्त समिति भरविण्यांत आली. सभेची सूचना चोवीस तास आधीं देण्याचा कायदा आहे, असें असेंब्लींतील विरोधी नेते पीटर बार्का ओरडून सांगत असतांनाच मतें घेतलीं गेलीं. थोड्याच वेळांत सेनेटनें तें बिल १८ विरुद्ध १ मतानें मंजूर केलें. दुसऱ्या दिवशीं असेंब्लीनें ५३ विरुद्ध ४२ मतांनीं संमति दिली आणि ११ मार्चला गव्हर्नरची सही झाली.

आतां इतिहासानें एक विलक्षण योग जुळवून आणला. विस्कॉन्सिनमध्यें कायदा प्रसिद्ध करण्याची तारीख ठरविणें हें तेव्हां स्टेट सेक्रेटरीचें काम होतें. त्या पदावर त्या वेळीं डग्लस ला फॉलेट होते, म्हणजे १९०५ सालीं सिव्हिल सर्व्हिसचा कायदा करविणाऱ्या गव्हर्नरचे दूरचे आप्त. न्यायाधीश मेरीअन सुमी यांनीं सूचनेच्या नियमाचा भंग झाला असें मानून प्रसिद्धीस मनाई केली होती. तरीहि २५ मार्च रोजीं कायदा सरकारी रीत्या छापून बाहेर पडला, आणि तो छापला कोणीं? तर ज्या खात्याचा पाया मॅकार्थीनें घातला, त्याच कायदेविषयक ग्रंथालयाच्या वारसानें! आपण केवळ ठराविक कारकुनी कर्तव्य बजावलें, अशी त्या खात्याची भूमिका होती. १४ जून रोजीं संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें ४ विरुद्ध ३ मतांनीं सुमी यांचा निर्णय रद्द केला आणि कायदा अमलांत आला.

नऊ लाखांहून अधिक मतदारांनीं सह्या करून गव्हर्नरला परत बोलावण्याची निवडणूक घडवून आणली. पण ५ जून २०१२ रोजीं शेंकडा ५३ मतें मिळवून वॉकर पुन्हा विजयी झाले. लोकांचा कौल मागितला गेला होता आणि तो मिळाला, हें विरोधकांनाहि नाकारतां आलें नाहीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध २ मतांनीं कायदा वैध ठरविला. २०१० सालीं विस्कॉन्सिनमधील शेंकडा १४ कामकरी संघांचे सभासद होते. २०१५ सालीं तें प्रमाण शेंकडा ८ च्या आसपास उतरलें. पुढें २ डिसेंबर २०२४ रोजीं त्याच मॅडिसनमधील न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनीं पोलीस वगैरे नोकरांत व इतरांत केलेला भेद घटनेस सोडून आहे असें म्हणून यांतील बरींच कलमें रद्द ठरविलीं. त्यावर लागलीच अपील झालें आणि अपिलाच्या काळापुरता तो निकाल तहकूब राहिला.

शंभर वर्षांहून अधिक काळाच्या या हकीकतींत कोणता पक्ष बरोबर होता याविषयीं मतभेद राहणारच. परंतु एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या विवेकी माणसांस मान्य व्हावी. १९३३ सालीं मूठभर कारकुनांना बिल वेळेवर कळलें म्हणून त्यांना बोलतां आलें. २०११ सालीं तेंच बिल तीन आठवडे अडलें तेव्हां सारें संस्थान त्यावर बोललें. आणि जेव्हां तें दोन तासांत उरकलें गेलें तेव्हां त्याच्या गुणदोषांपेक्षां त्याच्या घाईविषयींच कोर्टांत भांडण झालें. मॅकार्थीनें आपल्या कात्रणांच्या कपाटांत सांभाळून ठेवला होता तो हाच अवधि. सभासदाला, नोकराला आणि नागरिकाला मसुदा वाचण्यापुरता वेळ मिळाला तर कायदा चांगलाच होईल असें नाहीं. पण वाईट झाला तरी तो त्यांच्या डोळ्यांदेखत होईल, आणि जें डोळ्यांदेखत झालें तें पुढें दुरुस्त कोठून करावयाचें हें त्यांस ठाऊक असेल.