मुक्काम सांगणारं फंक्शन

संगणकावर अगदी मुळाशी ‘रत्नागिरी’ नावाची डिरेक्टरी, तिच्या पोटात ‘गणपतीपुळे’. तिथे चाललेल्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमला स्वतःचा पत्ता हवा आहे. सत्तरच्या दशकातल्या युनिक्सला हे सोपं नव्हतं. कर्नलपाशी, म्हणजे युनिक्सच्या गाभ्यापाशी, चालू डिरेक्टरीचा क्रमांक असे, नाव नसे. मग ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा (बांधकाम खात्याशी संबंध नाही) उलटी चढत जाई: वरच्या डिरेक्टरीच्या यादीत आपला क्रमांक शोधायचा, त्यापुढचं नाव टिपायचं, आणखी वर जायचं. वर जाऊनही जागा बदलली नाही, की मूळ गाठलं.

त्या यादीतली नोंद १६ बाइटची. त्यात नावाला १४. देवनागरी चिन्हाला तीन बाइट देणारं यूटीएफ-८ आलं १९९२ मध्ये. आधी आलं असतं, तर गणपतीपुळ्याचा ‘गणपत’ होऊन पुढे तुटक्या वेलांटीचे दोन बाइट लोंबकळले असते!

१९८० च्या ४.० बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत हाच पत्ता सांगणारं ‘गेटडब्ल्यूडी’ फंक्शन आलं. त्याला नुसता पॉइंटर द्यायचा, म्हणजे पत्ता मेमरीत कुठे लिहायचा ते. जागा किती, हे सांगायची सोयच नाही. पत्ता लांब निघाला की शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण. सिस्टीम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सच्या ‘गेटसीडब्ल्यूडी’ने बफरचं, म्हणजे त्या जागेचं, मापही मागितलं. १९८८ च्या पॉसिक्स मानकाने तेच स्वीकारलं आणि २००८ मध्ये गेटडब्ल्यूडीला निरोप दिला.

हे माप बाइटांचं, अक्षरांचं नव्हे. ‘गणपतीपुळे’ लिहायला युनिकोडची नऊ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २७. ‘रत्नागिरी’चेही तितकेच. दोन तिरक्या रेघा आणि शेवटचा शून्य बाइट धरून ५७. बफर ५० चा असेल तर हाती ‘नल’ (रिकामा पॉइंटर) येतो आणि ‘ईरेंज’ ही चूक नोंदली जाते. मग जागा वाढवून पुन्हा विचारायचं. ४०९६ बाइटांचा बफर ठेवून निर्धास्त होणारे पुष्कळ. पण लिनक्सवर एकेक पायरी उतरत त्याहूनही खोल जाता येतं. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीला पॉइंटर ‘नल’ आणि माप शून्य दिलं, तर जागा तीच घेते. ती मोकळी करणं मात्र आपल्याकडे.

एवढ्यानेही भागलं नाही. चालू डिरेक्टरी प्रोग्रॅमला नेमून दिलेल्या मुळाबाहेर पडली असेल, तर लिनक्स २.६.३६ पासून कर्नल पत्त्याआधी कंसात ‘अनरीचेबल’ लिहू लागला. ग्लिबसीचं ‘रियलपाथ’ हे पूर्ण पत्ता काढणारं फंक्शन मात्र पत्ता तिरक्या रेघेनेच सुरू होणार, हे गृहीत धरून बसलेलं. ती रेघ शोधत ते बफरच्या सुरुवातीच्याही मागे घसरे. जानेवारी २०१८ मध्ये ही फट उघड झाली. तिच्यातून साध्या वापरकर्त्याला थेट रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवता येत होते. दुरुस्तीनंतर रेघेने सुरू न होणारा पत्ता ग्लिबसीचं गेटसीडब्ल्यूडी देतच नाही.