कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड

आपल्या बेने इस्राएल समाजातील शिकलेल्या स्त्रियांची नावे घेऊ लागलो, की डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव अगदी आधी येते. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावचे. पण त्यांचा जन्म १८९० साली म्हैसूर संस्थानातील शिमोग्याचा. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सनबाईंच्या उपचाराने ती बरी झाली. तेव्हाच जेरुशांनी मनाशी ठरवले, की आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच हॉस्पिटलात काम करायचे. पुढे हजारो रुग्ण पाहिले, पण वाट दाखवली ती या पहिल्या रुग्णाने.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ साली लंडनची एम.डी. पदवी घेऊन परतल्या, काही वर्षे बंगळूरच्या प्रसूतिगृहात होत्या, आणि १९२८ साली कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९४७ पर्यंत तो कारभार त्यांनी सांभाळला.

तो काळ आपण आठवला पाहिजे. त्यातली बरीच वर्षे पेनिसिलिन नव्हते, रक्तपेढी नव्हती. पोट चिरून मूल काढायचे म्हणजे आईचा जीव टांगणीला. पुष्कळ बायका पुरुष डॉक्टरला हातही लावू देत नसत. घरी अडलेली बाळंतीण दवाखान्यात यायची ती फार उशिरा. अशा वेळी हात स्थिर ठेवून शस्त्रक्रिया करणे सोपे नव्हते.

झिराडबाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ज्या वाचल्या नाहीत, त्यांचाही त्यांनी हिशेब मांडला. १९३७-३८ साली मुंबई शहरात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंची कारणे त्यांनी शोधली. ‘नशीब’ म्हणून सोडून दिलेले मरण टाळता येते का, हा प्रश्न त्यांनी विचारला.

१९५० साली देशभरातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे फेडरेशन उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. १९६६ साली पद्मश्री मिळाली. समाजालाही त्या विसरल्या नाहीत. मुंबईची ज्युइश रिलिजस युनियन १९२५ साली स्थापन झाली, तिच्यामागे त्या व त्यांची बहीण होत्या. १९८३ साली त्या वारल्या.

तोराहमधल्या शिफ्रा व पुआ या सुइणी आपल्या नातवंडांना ठाऊक आहेत. झिराडबाई त्यांना ठाऊक नाहीत. मुले मराठी वाचत नाहीत, म्हणून ही हकीकत आपणच त्यांना हिब्रूत सांगू या. आपण नाही सांगितली, तर कोण सांगणार?