हळदीचं पेटंट आणि गावाची नोंदवही



भाजी चिरताना बोट कापलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. हे कोणत्या शाळेत शिकवलं नाही. आजीनं, आईनं, सासूनं सांगितलं. पण याच हळदीवर एकदा परदेशात हक्क सांगितला गेला होता. त्याची गोष्ट आज ऐकू या.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. अर्ज करणारे दोघे संशोधक मूळचे भारतीयच होते. पेटंट म्हणजे नव्या शोधावर काही वर्षांसाठी मिळणारा हक्क. त्या काळात परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला त्या देशात तो धंदा करता येत नाही.

दिल्लीच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं 1996 मध्ये याला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख होते गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. अडचण अशी, की परदेशातले लोक तोंडी काय सांगतात याला तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात किंमत नव्हती. छापील पुरावा हवा होता. परिषदेनं संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि 1953 च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातले मिळून 32 दाखले दिले. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट कार्यालयानं सर्व दावे फेटाळले. हळद वाचली.

हळदीत असतं तरी काय? तिचा पिवळा रंग ज्यामुळे येतो, तो पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. तो 1815 मध्ये युरोपात प्रथम वेगळा केला गेला. 1949 मध्ये तो काही जिवाणूंची वाढ रोखतो, असं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्याचा दुसरा गुण समजायला वांगं आठवा. चिरून ठेवलं की हवेनं काळं पडतं; लिंबू पिळलं तर तेवढं पडत नाही. शरीराच्या पेशींचीही अशीच झीज होते. ती थोपवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळा, हिरडा, बेहडा यांतही असे पदार्थ भरपूर आहेत.

पण भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेतल्या नळीत जे घडतं, ते शरीरात तसंच घडेल असं नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटातून रक्तातही फार कमी जातं. गंजलेला खिळा लागला, शेणामातीत जखम झाली, तर हळदीनं धनुर्वात टळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्यायलाच हवं. खूप भडक पिवळी हळदही घेऊ नका. रंगासाठी तिच्यात शिशाचा विषारी रंग मिसळलेला असू शकतो.

हळद वाचली ती पुस्तकात होती म्हणून. 2001 पासून देशानं पारंपरिक ज्ञानाचा संगणकावरचा कोशही तयार करायला घेतला. पण तोही मुख्यतः जुन्या ग्रंथांवरच उभा आहे. साकोली-लाखनीकडच्या जंगलात मोह, हिरडा वेचणाऱ्या बायांना जे ठाऊक आहे, ते कुठल्या पोथीत आहे?

त्यासाठी 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकांना विचारून गावाची नोंदवही तयार करते. 2004 च्या नियमांनी त्या समितीत निदान एक तृतीयांश महिला असाव्यात असं सांगितलं. बाहेरचा कोणी धंद्यासाठी वनौषधी न्यायला आला, तर समितीला शुल्क लावता येतं.

येत्या ग्रामसभेला बचत गटातल्या सगळ्या मिळून जा. विचारा, आपली नोंदवही कुठे आहे? समितीत बाया कोण आहेत? वही उघडून बघा. झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, कोणता भाग, कशासाठी वापरतात, कधी वापरू नये, एवढं तरी लिहिलं आहे का? नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत घ्या आणि लिहून घ्या. त्या आहेत तोवरच हे काम होईल.