मीनाक्षीची वाट

पातूरला आगगाडी नाहीं. अकोल्याच्या दक्षिणेस सुमारें वीस मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशीं हें गांव वसलें आहे. येथून घाट चढून सडक वाशीमकडे जाते. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट व बालाघाट असे दोन भाग मानीत. पातूर हा त्यांमधील उंबरठाच म्हणावयाचा. परंतु लोहमार्गानें त्यास दोनदां बाजूस ठेविलें.

पहिल्या खेपेस कापसाचा ओढा होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ मध्यें वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला. तो पूर्व-पश्चिम धांवतो. म्हणून वऱ्हाडास मुंबई जवळ आली, परंतु नांदेड व इंदूर पूर्वीइतकींच दूर राहिलीं.

उत्तरेस तुकोजीराव होळकरांनीं एक कोट रुपये कर्जाऊ देऊन खांडवा-इंदूर मार्गास हातभार लाविला. दक्षिणेस निजामाच्या मुलखांत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रूळ १९१२ मध्यें आले. हे दोन्ही मार्ग मीटर मापाचे, म्हणजे रुळांमधील अंतर सव्वातीन फुटांहून किंचित् अधिक. मुंबई-नागपूर मार्गाचें माप साडेपांच फूट. हिंगोली व खांडवा यांमधील तुटलेला दुवा अकोल्यावरून जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास. हाही मार्ग पातूरच्या पूर्वेकडून, बार्शीटाकळीवरून वाशीमला गेला.

याच वाटेनें पुढें जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस रोज धांवत असे. अजमेर, चितोड, रतलाम, इंदूर, खांडवा, अकोट, अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड अशी तिची ओळ. सातपुड्यांत धूळघाटापाशीं चढ असा कीं, मार्ग चाराच्या आंकड्याप्रमाणें वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून जाई. अशा एकेरी मार्गावर पुढील स्थानकापर्यंत वाट मोकळी असल्याची खूण म्हणून टोकन हातीं आल्यावांचून चालक गाडी हलवीत नसे. अकोल्यास दोन मापांची गांठ पडे. एका मापाची मालगाडी दुसऱ्या रुळांवर जाऊं शकत नसल्यानें पुढें जाणारा माल उतरवून पुन्हां भरावा लागे. पातूरकर सडकेनें अकोल्यास येई, आणि तेथून एकाच गाडीनें माळव्यांत किंवा तेलंगणांत उतरे.

ही सोय ज्या मापानें दिली, त्याच मापानें ती हिरावली. सर्वत्र रुंद रूळ करण्याचें धोरण आल्यावर अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्यें रुंद झाला; उत्तरेकडे अकोला-अकोट मार्गास मात्र २०२२ साल उजाडलें. अकोटच्या पुढें मेळघाटचें व्याघ्रवन आहे. जुना मार्ग तेथूनच रुंद करावा कीं वनास वळसा घालावा, हा वाद वर्षानुवर्षें चालला आणि मधल्या काळांत मीनाक्षीची वाट खंडित झाली.

आमच्या मतें वळसाच योग्य. वाघांचें रान एकदां दुभंगलें तर सांधावयाचें नाहीं. रूळ मात्र खर्च व श्रम सोसून कोठेंही टाकतां येतात. परंतु वळसा म्हणजे विसर नव्हे. कापसासाठीं वाट तत्काळ निघाली होती. माणसांच्या सोयरिकीसाठीं व यात्रेसाठीं ती शतकभर मागें राहूं नये, एवढी अपेक्षा वऱ्हाडानें बाळगली तर ती फार नव्हे.