पाळणाघर : नागझिरा परिसर

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यालगतच्या गावांत मजूर कुटुंबांच्या लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्था. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला बाया पहाटेच निघतात. अंगणवाडी भरते त्यानंतर. मग तान्हे मूल आजीकडे किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते, नाहीतर झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी विनामूल्य आहे. पण तिथे बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. त्याहून लहानांना घरपोच आहार मिळतो, सांभाळ नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळणाऱ्या मजूर स्त्रीलाही मजुरी मिळते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत (२०२२) अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे.